रांगेतला उजेड

मी काच फुंकतो. बर्नमधल्या या इमारतीच्या तळघरात,
एकोणीस वर्षं.
वरच्या मजल्यांवर काय शोधतात, ते मला
त्यांनी मागितलेल्या नळ्यांच्या वाकण्यावरून कळतं.
तेवढंच.

काडूफबाई दर मंगळवारी खाली येतात.
कुपीत चिमूटभर पांढरी भुकटी, वर कणभर रंग.
"रेटो, हवा काढ आणि तोंड बंद कर."
ज्योतीत काच मऊ पडते, मी मान पिळतो,
काच स्वतःलाच गाठ मारून घेते.
मग दोन दिवस भट्टी.
रंगाची वाफ होते, आणि वाफ वाट शोधते.

कसली वाट, मी एकदा विचारलं.
माझ्या गॅसच्या पावतीच्या पाठीवर त्यांनी काढून दाखवलं:
या भुकटीचा एकेक कण म्हणजे बोगद्यांची जुडी,
शेजारी शेजारी, सरळ,
आणि इतके अरुंद, की रंगाचा रेणू आत गेला
की त्याला कूस बदलता येत नाही.
पाण्यात सोडा, हेच रेणू एकमेकांना बिलगतात
आणि विझतात.
"गर्दीत विझतात," बाई म्हणाल्या. "रांगेत नाही."

आधी हिरवा भरायचा, पोटात खोलवर.
मग दोन्ही तोंडांशी थोडा लाल.
वरून उजेड टाकला की हिरवा तो झेलतो
पण धरून ठेवत नाही,
शेजाऱ्याला देतो, शेजारी पुढच्याला,
गावात गोठा पेटल्यावर
पाण्याच्या बादल्या हातोहात जातात, तसा,
थेट टोकाच्या लालपर्यंत.
"आणि मधल्या वाटेत," त्या म्हणाल्या, "तो उजेड नसतो."
मग काय असतो?
पेन्सिल थांबली.
"देणं."

नाताळच्या जेवणात, संत्रं सोलता सोलता
त्यांनी वडिलांचं सांगितलं. एकदाच.
डोंगरापलीकडच्या रेल्वे बोगद्यावर होते, सुरुंगवाले.
सहा वर्षं दगड फोडला, पुढची अकरा वर्षं
तो दगड खोकत बसले.
रात्री खिडकीशी, उशा रचून,
आडवं झालं की श्वास बुडायचा.
"त्यांच्या छातीत हेच होतं, रेटो. सिलिका.
फक्त तिच्यात वाटा नव्हत्या."
साल अख्खी निघाली, एकाच लांब फितीत.
त्यांनी ती ताटलीच्या कडेला ठेवली
आणि कुणीतरी कॉफी आणली.

तेव्हापासून भुकटीची बाटली उघडताना
मीही मास्क लावतो. बाई लावतातच.

मार्च संपता संपता फोन आला: वर ये, हात धुऊन ये.
खोली काळोखी. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला,
आधी माझ्याच पापण्या दिसल्या.
मग एक कांडी,
तांदळाच्या दाण्यासारखी, पण दाण्याच्या हजारपट लहान.
पोट हिरवं. दोन्ही टोकं लाल.
बाईंनी मधे काहीतरी काच सरकवली,
हिरवं गेलं,
आणि उरले दोन लाल ठिपके,
रात्री बोगद्यातून निघून गेलेल्या गाडीच्या
मागच्या दिव्यांसारखे.
मी म्हणालो, छान आहे.
यापेक्षा बरा शब्द जिन्यात आठवला,
तोपर्यंत दार लागलं होतं.

आता त्या टोकांना बूच बसवायचंय म्हणे,
रेणूचंच बूच: शेपूट आत, डोकं बाहेर,
नाहीतर रंग हळूहळू पाझरून जातो.
म्हणजे माझंच काम, मी म्हणालो,
फक्त बारीक.
त्या हसल्या. मग खोकल्या, साधंच,
या शहराचं धुकं एप्रिलपर्यंत घशातून उतरत नाही.
तरी आम्ही दोघंही क्षणभर
तो खोकला ऐकत उभे राहिलो.

मंगळवारी सहा कुप्या हव्यात.
मान जरा लांब ठेव, म्हणाल्या,
मागच्या वेळी तडकली होती.